चांदीचे तबक आणि तपकिरी पाकीट

गेल्या नाताळाच्या आधीच्या आठवड्यातील एक लहानसा प्रसंग सांगून आम्ही आजच्या विषयास हात घालतो.

मंदिराच्या एका कोपऱ्यात मुले गव्हाणीचा देखावा उभारीत होती. कोणी पेंढा पसरीत होते, कोणी मातीच्या मेंढरांना नव्याने चुना देत होते, आणि दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पुठ्ठ्याच्या ताऱ्यावर चकचकीत कागद चिकटविण्यात गढून गेला होता. तारा खरोखरच सुरेख साधला होता. मधोमध सोनेरी वर्ख, भोवती चंदेरी, आणि पाचही टोकांना लाल व हिरव्या झगझगीत पट्ट्या. जवळ जाऊन पाहिले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की तो वर्ख सिगारेटच्या पाकिटांतील आहे, आणि त्या लाल-हिरव्या पट्ट्या पानमसाल्याच्या पुड्या कापून केलेल्या आहेत.

"हे कोठून आणलेस?" आम्ही विचारले.

"पानठेल्यापुढे पडलेले असतात, फादर. दुकानातल्या कागदाला पैसे पडतात. आणि हा त्याच्याहून जास्त चमकतो."

मुलाने खोटे काहीच सांगितले नव्हते. आम्ही गप्प राहिलो.

त्याच आठवड्यात एका आजारी बांधवास पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा हा गृहस्थ. वय चाळिशीच्या आतले. झोप येऊ नये म्हणून रात्रभर पुडी तोंडात धरण्याची सवय त्यास लागली होती. गालाची आतील त्वचा वर्षानुवर्षे आक्रसत जाऊन त्याचे तोंड आता एक बोट शिरेल एवढेच उघडत होते. आम्ही पवित्र भाकरीचा राईएवढा कण मोडला, चमच्यातील पाण्यात ठेवला आणि दातांच्या फटीतून त्यास दिला. त्याच्या पत्नीने पदराने त्याची हनुवटी पुसली व ती एवढेच म्हणाली, "फादर, पूर्वी मंदिरात सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचाच असायचा."

तोंड असे आखडण्याचे मुख्य कारण सुपारी होय, असे वैद्यकशास्त्र सांगते. तिला तंबाखूची जोड मिळाली म्हणजे कर्करोगाचे भय अधिकच वाढते. घरी परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत राहिला. ज्या वस्तूने एका बापाच्या तोंडास कुलूप घातले, तीच वस्तू एका मुलाच्या ताऱ्यावर झळकत होती. वस्तू तीच, बापाच्या वाट्यास आतला माल आला, मुलाच्या वाट्यास बाहेरचे वेष्टन. आणि मुलास आज वेष्टन आवडले आहे.

ह्या वेष्टनाचा विचार जगात गंभीरपणे सुरू होऊन आता बराच काळ लोटला आहे. ऑस्ट्रेलिया देशाने २०११ साली ह्यासंबंधी कायदा केला आणि १ डिसेंबर २०१२ पासून तेथील प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावरून रंग, चिन्हे, सोनेरी रेघा व नक्षी ही सर्व काढून टाकण्यात आली. कंपनी कोणतीही असो, पाकिटाचा रंग एकच, मळकट तपकिरी. सिगारेटचे नाव एकाच ठरावीक अक्षरवळणात व आकारात. पुढील बाजूच्या ७५ टक्के आणि मागील बाजूच्या ९० टक्के जागेवर रोगाचे चित्र व इशारा. कोणता रंग लोकांस सर्वांत कमी आवडतो हे शोधूनच हा रंग निवडला गेला. आरंभी त्यास 'ऑलिव्ह हिरवा' असे म्हणत असत. तेव्हा तेथील ऑलिव्हच्या बागाईतदारांनी तक्रार केली की आमच्या फळाचे नाव ह्या मालास लावू नका. सरकारनेही ते मानले. ज्या फळाच्या तेलाने आम्ही आजाऱ्यांस अभ्यंग करतो, त्याचे नाव त्या पाकिटास लागले नाही, ह्याचे आम्हांस समाधान वाटते.

तंबाखूच्या कंपन्यांनी ह्या कायद्याविरुद्ध मोठा लढा दिला. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायासनाने त्यांचा दावा फेटाळला. पुढे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले. तेथेही २०१८ साली व अपिलात २०२० साली निकाल ऑस्ट्रेलियाच्याच बाजूने लागला. एव्हाना फ्रान्स, ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड असे वीसहून अधिक देश त्या मार्गाने गेले आहेत. आशिया खंडात २०१९ साली थायलंडने पहिले पाऊल टाकले व २०२० साली सिंगापूरने त्याचे अनुकरण केले.

आता कोणी विचारील की नुसते पाकीट बदलल्याने काय होणार? ओढणारा ओढणारच. ह्या प्रश्नास आम्ही फुगवून उत्तर देऊ इच्छीत नाही. ऑस्ट्रेलियन सरकारने २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात असे आढळले की पहिल्या सुमारे तीन वर्षांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण जेवढे घटले, त्यापैकी ०.५५ टक्क्यांची घट पाकिटाच्या बदलामुळे झाली. आकडा लहान दिसतो. परंतु त्या देशाच्या लोकसंख्येत त्याचा अर्थ एक लाखाहून अधिक माणसे असा होतो. न्यू साउथ वेल्स प्रांतात व्यसन सोडण्यासाठी मदत मागणाऱ्यांचे दूरध्वनी प्रारंभीच्या आठवड्यांत ७८ टक्क्यांनी वाढले. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साध्या पाकिटातून सिगारेट ओढणाऱ्यांस ती पूर्वीपेक्षा हलक्या प्रतीची वाटू लागली. ज्या चवीसाठी माणूस पैसे मोजीत होता, तिचा काही अंश पाकिटात होता!

वेष्टनाची ही मोहिनी मात्र आजची नव्हे. आमच्या बऱ्हाणपूरच्या इतिहासाशी निगडित असलेली एक कथा येथे सांगण्याजोगी आहे.

इ.स. १६०० मध्ये अकबर बादशहाचे सैन्य बऱ्हाणपुरात उतरले आणि १६०१ च्या आरंभी अशीरगड त्याच्या हाती आला. त्या मोहिमेत येशूसंघाचे धर्मगुरू जेरोम झेवियर बादशहाबरोबर होते. पुढे बादशहाने आपला पुत्र दानियाल ह्यास दख्खनचा कारभार सोपविला आणि त्याच्यासाठी विजापूरच्या राजकन्येस आणण्याकरिता असद बेग नावाच्या सरदारास विजापुरी पाठविले. विजापुरात असद बेगाने प्रथमच तंबाखू पाहिली. त्याने ती बादशहासाठी बरोबर घेतली. परंतु नुसती पाने नेऊन पुढे ठेवली नाहीत. त्याने जडावाची नळी बनवून घेतली, तिची दोन्ही टोके रत्नांनी व मिन्याने मढविली, येमेनी अकीकाचे मुखाग्र बसविले, पेटविण्यासाठी सोन्याचे पात्र केले, नळीस मखमलीचे म्यान शिवले आणि हे सारे चांदीच्या तबकात मांडून आग्र्यास बादशहापुढे ठेवले. ही हकीकत त्यानेच आपल्या वृत्तांतात लिहून ठेवली आहे.

बादशहाने नळी तोंडास लावली. राजवैद्याने हरकत घेतली की ह्या औषधाची परीक्षा झालेली नाही, आमच्या ग्रंथांत ह्याचा उल्लेख नाही. असद बेगाने उत्तर दिले की युरोपातील लोक काही मूर्ख नाहीत. बादशहास त्याचे बोलणे पटले. वैद्य आणखी काही सांगू पाहत होता, तोच बादशहाने त्यास थांबविले आणि एका धर्मगुरूस बोलावून विचारले. त्या धर्मगुरूने तंबाखूचे पुष्कळ गुण वर्णिले! त्या काळी दरबारात येशूसंघाचेच धर्मगुरू वावरत असत. तेव्हा हा साक्षीदार आमच्यापैकीच असावा, असे मानण्यास जागा आहे. वैद्य मात्र आपल्या मतावर ठाम राहिला. बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. पण सरदारांच्या घरोघरी तंबाखू पोहोचली, आणि १६१७ साली जहांगीरास तिच्याविरुद्ध हुकूम काढावा लागला.

ज्या दानियालसाठी ही विजापूरची स्वारी झाली, त्याचा अंत १६०५ साली ह्याच बऱ्हाणपुरात मद्याने झाला. पहारा असतानाही त्यास दारू कशी पोहोचली, हे जहांगीराने आपल्या आठवणींत सांगितले आहे: बंदुकीच्या नळीत भरून. शिकारीची आवडती बंदूक पाहून पहारेकऱ्यांस काय संशय येणार? नळीतील गंज व दारूगोळ्याचा अंश त्या दारूत उतरला आणि राजपुत्राचा घात झाला. विष नेहमी दुसऱ्या कशाचे तरी रूप घेऊन घरात येते.

ही कथा आम्ही स्वतःस बजावण्यासाठी सांगितली. वैद्य खरे बोलत होता आणि धर्मगुरू चांदीच्या तबकास भुलला. चारशे वर्षांनी तरी आम्ही धर्मगुरूंनी वैद्याच्या बाजूस उभे राहावे, हे उचित होय.

आपल्या देशात काय झाले? सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा अधिनियम २००३ साली झाला. त्याने जाहिरातींस बंदी केली, अठरा वर्षांखालील मुलांस विक्री निषिद्ध ठरविली आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत विक्री करण्यास मनाई केली. जाहिरातींचे फलक उतरले, तेव्हा पाकीट हाच फलक झाला. तो दुकानाच्या मांडणीवर, माणसाच्या खिशात व चहाच्या टेबलावर दिवसभर बोलत राहतो. म्हणून ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या पुढील बाजूच्या ४० टक्के भागावर चित्ररूप इशारा आला आणि १ एप्रिल २०१६ पासून तो दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर पसरला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हा नियम रद्द केला. तथापि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली व मोठा इशारा कायम राहिला. संपूर्ण साध्या वेष्टनाचा विचारही येथे झालेला आहे. २०१२ साली ओडिशाचे खासदार बैजयंत पांडा ह्यांनी त्यासाठी खाजगी विधेयक मांडले आणि २०१४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ह्या उपायाचा विचार करावा असे सरकारास सुचविले. परंतु उरलेल्या १५ टक्के जागेत रंग, मुकुट आणि सोनेरी रेघ अद्याप सुखाने नांदत आहेत.

ह्या चित्रांचा उपयोग होतो काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांनी सांगितले की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के आणि चघळणाऱ्यांत ४६ टक्के होते. ह्या उतरंडीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण आपल्या गावाचे खरे दुखणे येथेच आहे. त्याच पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सिगारेट ओढणारे अवघे ४ टक्के; विडी ओढणारे ७.७ टक्के, आणि तंबाखू चघळणारे वा दातांस लावणारे २१.४ टक्के. म्हणजे ज्या पाकिटाविषयी ऑस्ट्रेलियात एवढा वाद झाला, ते पाकीट आपल्या गरीब माणसाच्या हाती फारसे येतच नाही. तो एक सिगारेट सुटी घेतो. पाकीट दुकानदाराकडेच राहते. विडीच्या कट्ट्याचा कागद झिरझिरीत, त्यावरील चित्र पुसट. आणि पुडी तर तोंडात रिकामी होताच वाऱ्यावर जाते.

पुडीच्या बाबतीत आणखी एक चलाखी झाली आहे. मध्यप्रदेश हे २०१२ साली गुटख्यावर बंदी घालणारे पहिले राज्य ठरले आणि त्याबद्दल आम्हां सर्वांस अभिमान वाटला. परंतु लवकरच एकाच दोरीवर दोन पुड्या लटकू लागल्या, एक पानमसाल्याची व दुसरी तंबाखूची. घेणारा दोन्ही फोडतो आणि तळहातावर गुटखा तयार होतो. पानमसाल्याच्या पुडीत तंबाखू नसल्यामुळे तंबाखूच्या इशाऱ्याचे भयंकर चित्रही तिच्यावर नसते. तिच्यावर केशर असते, चांदीचा वर्ख असतो, राजेशाही नाव असते. आमच्या मुलाच्या ताऱ्यास पट्ट्या मिळाल्या त्या ह्याच पुड्यांच्या.

तेव्हा आमचे मत असे आहे की साधे वेष्टन येथे आणावयाचे असेल, तर ते सिगारेटपुरते ठेवून भागणार नाही. विडीचा कट्टा, तंबाखूची पुडी आणि तिची जोडीदारीण पानमसाल्याची पुडी ह्या सर्वांस एकच मळकट पोशाख हवा. त्याचबरोबर सुटी विक्री बंद झाली पाहिजे. महाराष्ट्र राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. इशारा ज्यावर छापला ते वेष्टन माणसाच्या हाती पडलेच नाही, तर तो इशारा वाचणार कोण?

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही मनापासून ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की प्रौढ मनुष्य स्वतंत्र आहे. त्याच्या निवडीत सरकारने हात का घालावा? परंतु साधे वेष्टन कोणाच्या हातातून सिगारेट हिसकावून घेत नाही. ज्यास घ्यावयाची आहे त्यास ती मिळते; फक्त तिच्या अंगावरील उसनी भरजरी शाल काढून घेतली जाते. स्वातंत्र्य सत्य कळल्यावर वाढते, कमी होत नाही. शिवाय ही सवय बहुधा कोवळ्या वयात लागते. तेव्हा निवड कोण करतो, मूल की रंग?

दुसरा आक्षेप अधिक हृदयाला भिडणारा आहे. विडी वळून पोट भरणाऱ्या लाखो स्त्रियांचे काय? सिन्नर, सोलापूर, गोंदिया, तसेच आपल्या राज्यात सागर-दमोहकडे हजारो घरांची चूल ह्या धंद्यावर पेटते. दर हजारी विड्यांमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीसाठी ह्या भगिनी दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेतात. त्यांची भाकरी काढून घेणारा कायदा न्याय्य म्हणता येणार नाही. परंतु त्यांची दैन्यावस्था पुढे करून रंगीत पाकीट वाचवू पाहणाऱ्यांनी आजवर त्यांची मजुरी किती वाढविली, हेही विचारले पाहिजे. त्यांस दुसरे काम शिकविणे व मिळवून देणे हे कर्तव्य सरकारचे आहे आणि आपल्या धर्मग्रामांचेही आहे.

आता घरच्या गोष्टीकडे वळू या. सरकार वेष्टन कधी बदलील ते बदलो. पण तंबाखूवर आणखी एक वेष्टन आहे, आणि ते कोणत्याही कारखान्यात छापले जात नाही. ते आपण चढवितो. साखरपुड्यास व लग्नास पाहुण्यांपुढे तबक फिरते. त्यात सुपारी-लवंगेबरोबर पुड्या, विड्यांचे कट्टे आणि सिगारेटची उघडी पाकिटे मांडलेली असतात. ते तबक न फिरविणारा यजमान चिक्कू ठरतो. असद बेगाचे चांदीचे तबक हेच नव्हे काय? मुलगा पाहतो की मोठी माणसे ह्या वस्तूने एकमेकांचा आदर करतात. बाप त्यास चार आणे सुटे नाहीत म्हणून वही नाकारतो आणि त्याच हाताने पुडी आणावयास पाठवितो. आदर, मर्दपणा, थकल्या माणसाचा विसावा, ही सारी ह्या वस्तूची सोनेरी वेष्टने आहेत. ती उतरविण्यास संसदेची गरज नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत स्पष्ट आहे. तिच्या धर्मशिक्षणग्रंथात संयमाच्या सद्गुणाविषयी सांगताना अन्न व मद्य ह्यांबरोबर तंबाखूच्या अतिरेकाचाही उल्लेख केलेला आहे. १६४२ साली पोप आठवे अर्बन ह्यांनी सेव्हिल येथील मंदिरांत तंबाखूच्या सेवनास मनाई केली होती. अलीकडे, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पोप फ्रान्सिस ह्यांनी व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला व तो २०१८ पासून अंमलात आला. त्या विक्रीचे उत्पन्न मोठे होते. परंतु लोकांच्या आरोग्याची हानी करून मिळणारा पैसा पवित्र पीठास नको, अशी त्यामागील भूमिका होती. प्रभू येशूने बाहेरून चुना दिलेल्या आणि आत हाडांनी भरलेल्या कबरींचा दृष्टांत दिला, तो ढोंगी माणसांविषयी होता. आम्हांस वाटते, तो वस्तूंसही लागू पडतो.

म्हणून ह्या वर्षापासून आपल्या धर्मग्रामात दोन गोष्टी व्हाव्यात अशी आमची विनंती आहे. मंदिरात ज्यांचा विवाह लागेल, त्या घरच्या तबकात तंबाखू, सुपारीच्या पुड्या व सिगारेटी नसाव्यात. बडीशेप व खडीसाखर ह्यांनी पाहुण्यांचा मान रतिभरही कमी होत नाही. दुसरे असे की कोणत्याही बापाने वा काकाने आपल्या मुलास पुडी आणावयास पाठवू नये. ज्यास सोडावयाचे आहे व जमत नाही, त्याने लाजू नये. सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा मदतीचा क्रमांक छापण्याचा नियम आहे. तेथे फोन करण्यास पैसे पडत नाहीत. आमच्याकडे यावयाचे असेल, तर दार उघडेच आहे.

तो तारा आम्ही त्या नाताळात काढला नाही. मुलाने मनापासून केला होता. परंतु तीन राजांचा सण झाल्यावर देखावा उतरविताना आम्ही त्या मुलास जवळ बसविले, ताऱ्याचा एकेक कागद सोडविला आणि कोणता कागद कशावरचा, हे त्यास वाचावयास लावले. त्याने सावकाश वाचले. पुढच्या खेपेस कोणता कागद लावावा असे विचारता तो थोडा वेळ थांबला व म्हणाला, "पांढरा लावू, फादर. आत दिवा ठेवला की तोही चमकेल."

येत्या नाताळात आम्ही पांढरा कागद आणून ठेवणार आहोत. त्या आजारी बांधवासाठी व त्याच्या कुटुंबासाठी वाचकांनी आपल्या सायंप्रार्थनेत एक विनंती जोडावी.